काडेपेट्या मागणारा

राष्ट्रीय उद्यानाच्या आत मुक्कामाला बंदी आहे. तंबू ठोकायचे ते हद्दीबाहेर, संगमेश्वरच्या बाजूच्या माळावर, आणि आग पेटवायची नाही. तिथल्या राखणदाराने आम्ही पोचताच काडेपेट्या मागून घेतल्या आणि खिशांत कोंबल्या. माळावरचं गवत पार वाळलं होतं. संध्याकाळभर तो तंबूंमधून फिरत होता, मध्येच थांबून हवेचा वास घेत होता. चालताना खिसे खुळखुळत.

"काका, तुम्हीच पेटाल हां!" आमच्यातला एक म्हणाला.

तो हसला. "मी पेटलो तं येकटा जायन. गवात पेटला तं खालची आमची वाडी जायल."

सकाळी त्याचे डोळे लाल होते. झोपला नाहीत का, मी विचारलं.

"पाऊस लागला काय मंगच झोपन," तो म्हणाला, आणि नुकत्याच आलेल्या जीपकडे काडेपेट्या मागायला गेला.