मुनीरभाईचा एक आणि कॉम्प्युटरचा एक

मुनीरभाईनं सातशे पोरांच्या जन्मतारखा चुकीच्या टाइप केल्या होत्या. आणि तो जायच्या आधी एका दुपारी त्या सगळ्या त्याच्याच दुकानात दुरुस्त झाल्या.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

आधी शाळेच्या ग्रुपवरच्या सगळ्यांची खुशाली. सुलभाताई, गुडघा काय म्हणतो? दत्ता, शुगर तपासलीस, का नुसतंच चहा सोडल्याचं सांगतोस? पाटीलसर, मोतीबिंदू काढला ना, आता बारीक अक्षर दिसत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
मी ठणठणीत.

केजला एसटी स्टँडसमोर मुनीरभाईचं टायपिंगचं दुकान. मी शिपाई होतो त्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर त्यानंच कॉम्प्युटरवर उतरवलेलं.
मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं. उरली फक्त त्याची एक्सेल शीट.

आमच्या शाळेत शिकलेल्या सविताचा जन्म ऊसतोडीच्या फडावरचा, पाचटाच्या कोपीतला. जन्माचा दुसरा कागद कुठून आणणार?
नर्सिंगच्या ॲडमिशनला शाळेचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी शीट ऑनलाइन चढायला पाहिजे. शेवटचा दिवस.
शीट चढेना. वेबसाइट म्हणे, तारीख चुकीची.

मुनीरभाईनं तिची तारीख पुसून स्वतः परत टाइप केली. तरी तेच.

"बापू, मशीन येडं झालंय," तो मला म्हणाला.
"मशीनला कावून शिव्या देतो बे? दिसायला तर बरोबर हाय."

सविता बाकड्यावर बसलेली. घड्याळाकडं बघायची, परत खाली बघायची.

मी रिटायर झाल्यावर नातीच्या मोबाईलवर व्हिडिओ बघून एक्सेल शिकलो. त्यातला 'कोड' फॉर्म्युला माझ्या लई आवडीचा. अक्षर द्या, तो त्याचा आतला नंबर सांगतो.
तारखेतल्या एकाला लावला.
यायला पाहिजे एकोणपन्नास. आला एकशे आठ.

"भाई, हा एक न्हाई. हा इंग्रजी छोटा एल हाय."

मुनीरभाई स्वतःच्या बोटांकडं बघत राहिला.

"माझ्या पहिल्या टाइपरायटरला एकाचं बटनच नव्हतं. उस्तादनं सांगितलतं, एल मार. शून्याला मोठा ओ. हाताला तीच सवय लागली बापू."
मग हळूच म्हणाला, "सातशे पोरं. परत टाइप करू?"
"तू तर हातच लावू नको."

'कॅर' फॉर्म्युला उलटा चालतो. नंबर द्या, अक्षर देतो.
एकशे आठ दिसला की तिथं एकोणपन्नासचं अक्षर. एकोणऐंशीचा ओ दिसला की अठ्ठेचाळीसचा शून्य. एक ओळ लिहिली आणि खालपर्यंत ओढली.

"काका, चढली," सविता म्हणाली. आणि रडायला लागली.

मुनीरभाई उठला, दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला,
"आज माझ्या दुकानात सातशे लेकरं जन्मली बे."

सविता आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

भाई, तुझ्या हाताला माझा सलाम. सुखानं झोप.

त्या शीटमध्ये ज्यांचं नाव आहे, त्यांनी खाली आपलं नाव आणि जन्मतारीख लिहा. मुनीरभाईची लेक संध्याकाळी सगळं तिच्या अम्मीला वाचून दाखवणार आहे.

लवकर लिहा.