पापनाशमजवळच्या वर्गात दोन शिक्षक

दिवाळीच्या सुट्टीत तंजावरला जाऊन शाळाच बघणार, हे ऐकून घरचे हसले. मी तरीही तिकीट काढलं.

सातारा जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गातल्या सहा मुलांना वाचता येत नव्हतं आणि ते मी एकाही अहवालात लिहिलं नव्हतं. एका ऑनलाइन प्रशिक्षणात सुमित्राबाईंची ओळख झाली. त्या तंजावरच्या जुन्या मराठी कुटुंबातल्या, पापनाशमजवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनीच बोलावलं.

शनिवारी पापनाशमहून गावाकडची साधी टाउन बस पकडली. बायकांना तिकीट नाही. दोन्ही बाजूंना भातशेती, पाटाचं पाणी अगदी रस्त्याला लागलेलं. कुणाला अशी शाळा पाहायची असेल तर परवानगी आधी लेखी मागा. नुसतं दारात उभं राहून चालत नाही.

त्या दिवशी परिसरातल्या शिक्षकांची मासिक बैठक होती. सगळं तमिळमध्ये, सुमित्राबाई हळू आवाजात मराठी करून सांगत होत्या. त्यांच्याच शाळेतली सेल्वी नावाची नवी शिक्षिका उठली. तिसरीतल्या नऊ मुलांना वाचता येत नाही, म्हणाली. आता हिची खरडपट्टी निघणार, म्हणून मीच मान खाली घातली. बैठक घेणाऱ्या शिक्षण अधिकाऱ्यांनी मुलं नेमकी कुठे अडतात ते विचारलं, आणि मग तिच्या मदतीला कोण जाईल, हे बाकीच्या शिक्षकांना विचारलं.

सोमवारी शेजारच्या शाळेतले मुरुगन सर आले. आधी मुलांबरोबर शाळेतल्या सकाळच्या नाश्त्याचा गरम उपमा खाल्ला, मग सेल्वीच्या वर्गात शिकवायला उभे राहिले. ती मुलांमध्ये बसून टिपून घेत होती. सरांचा वर्ग तेवढा वेळ ते अधिकारीच सांभाळत होते.

सुमित्राबाईंना मी म्हटलं, तुमचं नशीब चांगलं.

"नशीब नाही," त्या त्यांच्या तमिळ हेलात म्हणाल्या. "दोन वर्षं आम्ही हे मागत होतो. दर बैठकीत."

परतल्यावर आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी उभी राहिले.

"माझ्या चौथीतल्या सहा मुलांना वाचता येत नाही. मला मदत हवी आहे."

केंद्रप्रमुख कागद चाळत राहिले. मग मागून शिंदे सर म्हणाले, "माझ्याकडे चार आहेत."

महिन्यातून एक दिवस एकमेकांच्या वर्गात जाऊ द्या, असा अर्ज आम्ही दोघांनी तिथेच लिहून दिला. उत्तर आलं नाही. काल दुसऱ्यांदा दिला. या वेळी त्यावर सात सह्या आहेत.