वायरलेस कानातले

कारखान्यात भंगार आणि किस्से या दोन गोष्टी रोज साठतात. भंगार न्यायला शनिवारी टेंपो येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते आमच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये पडून राहतात. ही रूम म्हणजे माझी जागा. कुंभिवलीला पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे आणि सगळे मला वायरमन म्हणतात. पंखा बंद पडला की मी, मोटर जळाली की मी. मधल्या काळात वायर नसलेल्या वस्तू आल्या तेव्हा वाटलं, चला, आता तरी सुटलो. कसलं काय! वायर असली तरी माझ्याकडे, नसली तरी माझ्याकडेच.

हे सुरू झालं एका नोटिशीपासून. आमच्या एचआरच्या मॅडम नवीन होत्या. इंग्रजी नोटीस कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि पलीकडून जे मराठी बाहेर पडेल ते बोर्डावर लावायचं, अशी त्यांची पद्धत. दिवाळीच्या आधी बोर्डावर कागद लागला: "यंदा सर्व कर्मचाऱ्यांना मिठाईऐवजी वायरलेस कानातले देण्यात येतील."

पॅकिंगच्या बायकांमध्ये त्या दिवशी काम झालं नाही. झुबे असतील का कुड्या, यावर जेवणाची सुट्टी गेली. वायरलेस म्हणजे काय, हा प्रश्न कॅन्टीनच्या सुशीला मावशींनी सोडवला. "तार नाय म्हंजे अडकवायचे नसतील गं. चापाचे असतील." पुरुषांचंही आपापसात ठरलं, कोण बायकोला देणार आणि कोण लेकीसाठी ठेवणार.

वाटपाच्या दिवशी डबी उघडली तर आत इअरफोनची दोन पांढरी बोंडं! मावशी हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर गेल्या, एक बोंड कानाला लावून इकडून तिकडून बघितलं आणि मला म्हणाल्या, "वायरमन, खडे बसवायचे राह्यलेत काय रं?"

तेव्हापासून आमच्याकडे त्या वस्तूला कानातले हेच नाव पडलं. "माझे कानातले उतरले" म्हणजे चार्जिंग संपलं. मिशीवाला माणूस बसमध्ये हे वाक्य मोठ्यानं बोलतो आणि कोणाला काही वाटत नाही.

*

नेरळचा भोईर हा प्रेमळ माणूस. त्यानं कानातल्यांची डबी पहिल्या दिवशी चार्जरला लावली ती काढलीच नाही. मी सांगितलं, बॅटरीला सतत भरलेलं ठेवलं की ती लवकर म्हातारी होते. तर म्हणाला, आपल्या घरी आलेल्याला आपण उपाशी ठेवत नाही.

बरं, चार्जर कुठला? मोबाईलचा, सगळ्यात दणकट. डबी तापायला लागली. पुन्हा माझ्याकडे आला. मी म्हटलं, बॅटरीला गरमी सोसत नाही, थंड जागी ठेवत जा.

चार दिवसांनी भोईर नाक मुरडत आला. कानातले घातले की सुकटीचा वास येतो म्हणाला. मी डबी उघडली आणि लगेच बंद केली. पठ्ठ्यानं ती फ्रिजमध्ये ठेवली होती, सुकटीच्या पिशवीला टेकून!

"थंड ठेव तूच बोललास ना रं?" असं वर मलाच ऐकवलं. पुढे त्याच डबीचं पोट फुगलं. ते प्रकरण वरपर्यंत गेलं आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण झालं.

*

सुशीला मावशींचं दुसरं टोक. चांगली वस्तू रोज वापरायची नसते, यावर त्यांची श्रद्धा. खडे नाहीत तर नाहीत, पण मिळालेत ना कंपनीकडून? डबी रुमालात गुंडाळून कपाटात गेली. सात महिन्यांनी भाचीच्या साखरपुड्याला बाहेर काढली तर दिवाच लागेना.

मावशींना हे पटेना. एकदाही कानाला लावली नाही, मग मेली कशी? मी समजावलं, की बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि पार रिकामी होऊन तशीच राहिली तर मरते. ठेवूनच द्यायची तर अर्धी भरून ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडी भरायची.

मावशींनी विचार केला. समोर आमचे सुपरवायझर घरत साहेब चहा घेत उभे होते. मावशी आवाज न चोरता म्हणाल्या, "न वापरता वस्तू मरत असंल, तर सायबांचं डोकं कसं जित्तं हाय रं?"

मला हसता येईना आणि हसू आवरेना. आठवडाभर घरत साहेबांनी माझ्या रजेवर सही केली नाही. मावशींना कोण बोलणार? चहा त्यांच्या हातात होता.

*

रोज रोज तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं. शेवटी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "वीसच्या खाली जाऊ देऊ नका. ऐंशीच्या वर नेऊ नका. तापू देऊ नका. आयुष्य वाढेल." आणि कागद इलेक्ट्रिकल रूमच्या भिंतीवर लावला. तिथून कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत त्याची प्रत, जिथे पत्रा ठोकतात त्या प्रेस शॉपच्या खांबावर दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेसची लाईन थांबली. घरत साहेब धावत आले. मशीन ठीक, माल हजर, माणसं हजर आणि सगळे हाताची घडी घालून उभे. दिवसाच्या टार्गेटपैकी ऐंशी टक्के माल झाला होता.

साहेबांनी विचारलं, काय झालं? सगळ्यांनी खांबाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. खाली माझी सही होती. कधी नाही ते मी कागदावर तारखेसकट सही केली होती! खांबावरचा कागद फाडला गेला आणि मला मेमो मिळाला. मेमोत लिहिलं होतं, की यापुढे आयुष्य वाढवण्याबाबतच्या सूचना ऑफिसच्या परवानगीशिवाय लावू नयेत.

*

माझे नियम मनापासून पाळणारा एकच माणूस निघाला, लोधिवलीचे दत्तू काका. तीस वर्षं प्रेसवर. आणि नेमकी त्यांचीच बॅटरी टिकेना.

काकांची नात नगरला. संध्याकाळी तिच्याशी गप्पा मारायला त्यांना कानातले लागायचे. इतरांचे चार-पाच तास चालायचे, काकांचे दोन तासांत उतरायचे. दर सोमवारी ते माझ्याकडे यायचे. मी तोच पाढा म्हणायचो. वीसला लावा, ऐंशीला काढा, उन्हात ठेवू नका, टोकं कोरड्या फडक्यानं पुसा. काका मान डोलवायचे. मी म्हणेन ते सगळं त्यांनी आधीच केलेलं असायचं.

त्याच सुमारास भोईरच्या फुगलेल्या डबीमुळे वरून आदेश आला, की सेफ्टी सप्ताहात बॅटरीवर कार्यक्रम घ्या आणि बॅटरी उत्तम जपणाऱ्या कामगाराला बक्षीस द्या. नाव सुचवायला मला सांगितलं. मी काकांचं नाव देऊन मोकळा झालो. त्यांच्या बॅटरीत दोष असेल, पण त्यांच्यात नव्हता.

पुढच्या सोमवारी काका आले तेव्हा मी म्हटलं, एकदा स्वतःच बघू. त्यांच्या मोबाईलवर भजन लावलं आणि एक बोंड पुसून माझ्या कानात घातलं. कानाखाली कोणीतरी ठेवून दिल्यासारखा मी उडालो. आवाज पार शेवटच्या रेघेवर होता. एवढ्या आवाजावर बॅटरी टिकणार कशी?

काकांनी ते बोंड आपल्या कानात घातलं आणि म्हणाले, "बारीकच येतंय की."

ते भिंतीवरचा माझा कागद वाचत पाठमोरे उभे राहिले. मी मागून हळू हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग होता तेवढ्या आवाजात. काका कागद वाचत राहिले.

प्रेसचा दणका आमच्या खोलीतल्या चहाच्या कपात दिसतो. त्या दणक्याशेजारी तीस वर्षं! आवाज अडवायला कानात घालायच्या बोळ्यांची मागणी मी रुजू झालो तेव्हापासून "वर पाठवली आहे". त्याच कंपनीनं दिवाळीला गाणी ऐकायचं यंत्र वाटलं होतं. आणि मी शहाणा या माणसाला आठ महिने बॅटरी कशी जपायची ते शिकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

मी खुणेनं कानाकडे बोट दाखवलं. काकांना कळलं. मग त्यांनी गुपित सांगितलं, इतक्या मोठ्यानं, की मी उठून दार लावलं.

"कुणाला बोलू नको. रिटायरला धा महिनं राह्यलेत. मला हार घालून गेटाभायेर जायचंय रं, चिठ्ठी घेऊन नाय."

भीती खोटी नव्हती. दर वर्षी मेडिकल होतं. कंपनीचे डॉक्टर कागदावर बघत सगळ्यांना विचारतात, "ऐकू येतं ना?" आणि टिक करतात. गेल्या वर्षी डिस्पॅचच्या एकानं "काय?" असं विचारलं आणि महिन्याभरात तो अनफिट म्हणून घरी गेला. काकांना प्रश्न पाठ होता. डॉक्टरांचे ओठ हलले की ते मान हलवायचे. प्रेसची त्यांना चिंता नव्हती. मशीन बिघडलं तर आधी तळव्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. माझं काही त्यावर समाधान झालं नाही, पण मी कुणाला बोललो नाही.

मी कागदावर लिहून विचारलं, मग इतके महिने माझं बोलणं कसं कळत होतं?

"तुझं ऐकायला कशाला पायजे? तू दर सोमवारी तेच बोलतोस."

*

आता पंचाईत बक्षिसाची. नाव वर गेलं होतं. कार्यक्रमाला हेड ऑफिसचे सेफ्टी साहेब येणार, स्टेजवर शेजारी डॉक्टर बसणार आणि नाव पुकारल्यावर काका जागचे हलले नाहीत, तर दहा महिन्यांचं गणित तिथेच संपणार. आम्ही ठरवलं, मी शेजारी बसायचं आणि नाव आलं की कोपर मारायचं. काकांनी कोपर कुठे मारायचं तेही दाखवून ठेवलं.

कार्यक्रमाला शेडमध्ये तीनशे माणसं. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. सेफ्टी साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत पाऊण तास बॅटरीचं आयुष्य समजावलं. म्हणाले, यंत्र मुकं असतं, त्याचा त्रास आपण ओळखायचा असतो. डॉक्टर मान डोलवत होते.

मग बक्षिसाची वेळ झाली आणि माइक गेला.

"वायरमन!" घरत साहेब ओरडले.

काय करणार? उठलो. स्टेजवरच्या टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड होता. तिथे मी पालथा पडून पिन दाबत होतो, तेवढ्यात डोक्यावर आवाज घुमला. माइक सुरू झाला होता.

"आदर्श बॅटरीमित्र, श्री. दत्तात्रय..."

टेबलाच्या कापडाखालून मला पहिल्या रांगेचे फक्त पाय दिसत होते. काकांचे सेफ्टी शूज हलले नाहीत. सेफ्टी साहेबांनी पुन्हा नाव घेतलं. शूज तिथेच. तिसऱ्यांदा घेतलं. कापड बाजूला करून मी डोकं बाहेर काढलं.

शेडमधली तीनशे माणसं काकांकडे वळून टाळ्या वाजवत होती. काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, स्टेजवर बघितलं. आणि मग तेही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागले, चांगल्या खणखणीत.

सेफ्टी साहेब माइक तोंडाशी धरून डॉक्टरांना म्हणाले, "बघा डॉक्टर, बक्षीस स्वतःला मिळालंय आणि टाळ्या दुसऱ्यांसाठी वाजवतोय. याला म्हणतात नम्रपणा."

डॉक्टर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.