रोहिणीताईंनी राखलेली खुर्ची

रोहिणीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगुड्याच्या बाजारात मेथी बघत होते. जुडी हातात तशीच राहिली... आता काही आठवडे उलटलेत, पण अडलं की अजूनही त्यांचाच नंबर लावायला हात जातो.

त्या मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर हैदराबादेत तारनाक्याला आलेल्या. इस्पितळात किरणोपचारांचा डोस ठरवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ. मी वकील, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. आमची गाठ पडली ती इस्पितळाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनासाठी माणसांवर काय करू द्यायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्या समितीत. पहिल्याच बैठकीत मी एका रिकाम्या खुर्चीत बसायला गेले, तर त्या म्हणाल्या, "नक्को वकीलबाई, तिथं माणूस आहे!" त्यांच्या पुणेरी तोंडून ते हैदराबादी 'नक्को' ऐकून मला हसूच आलं. खुर्ची होती व्हॉलंटियरची. ज्याच्या अंगावर प्रयोग होणार तो कधीच खोलीत नसतो, म्हणून त्याची जागा राखायची आणि त्याच्यापुढे चहाही ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. अध्यक्ष कुरकुरत, "मॅडम, चाय ठंडी हो जाती ना!" ताई दाद देत नसत.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. उपचारासाठी किरण दिले तर फायदा रुग्णाचा असतो. निव्वळ संशोधनासाठी केलेल्या जादा स्कॅनमधल्या किरणांचा डोस मात्र माणूस दुसऱ्यांसाठी सोसतो. म्हणून त्याला मर्यादा हवी, आणि ती कुणासाठीही सैल करायची नाही. नावाजलेले डॉक्टर एखाद्या स्कॅनसाठी घासाघीस करू लागले की त्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या, "त्याला विचारा." भलेभले तो स्कॅन यादीतून खोडायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मग त्यांनाच कॅन्सर झाला. "होईन मी बरी," असं सगळ्यांना ठणकावून सांगायच्या. पुढे एका नव्या अभ्यासासाठी त्यांनी आपलं नाव दिलं आणि मर्यादेपेक्षा जास्त स्कॅन माझ्यावर करा, असा हट्टच धरला. त्या दिवशी बैठकीला आल्या त्या थेट त्या खुर्चीत बसल्या.

"आज ही माझी," त्या म्हणाल्या. "मर्यादा असते ती पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या धोक्यासाठी. ती वर्षं माझ्यापाशी कुठायत?"

आपण बऱ्या होणार नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. तरी मी म्हटलं, "ताई, तुम्ही जाणार असं धरून आम्ही सही करायची? ते जमायचं नाही."

त्यांना बाहेर थांबवून आम्ही ठरवलं. अभ्यासात घ्यायचं, पण डोस सगळ्यांइतकाच. निर्णय ऐकून त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या खुदकन हसल्या.

"म्हणजे तुमच्या लेखी मी अजून जगणाऱ्यांत आहे तर!"

त्यांनी खुर्चीपुढचा तो चहा उचलला आणि पिऊन टाकला. इतक्या वर्षांत तो कप पहिल्यांदाच रिकामा झाला होता.

परवा त्यांच्यानंतरची पहिली बैठक झाली. त्यांच्या जागी तरुण भौतिकशास्त्रज्ञ आलाय, हुशार आहे. आल्या आल्या त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली. मी तोंड उघडणार, एवढ्यात अध्यक्षच म्हणाले, "नक्को साब, उधर आदमी है."

आणि आपल्यापुढचा चहा त्यांनी तिकडे सरकवला.