पंख्याच्या टोकांची भोकं

नांदुऱ्यात स्टेशनाच्या अलीकडे माझं लेथचं दुकान होतं. सुरुवात भंगार गोळा करण्यापासून केली. पुढे जिनिंगच्या यंत्रांची कामं हाती आली, तरी गावातले जुने लोक भंगारवाला म्हणूनच हाक मारत. ती हाक मला फार लागायची. म्हणून जिनवाल्या मालकांनी त्यांच्या विमानाचा पंखा माझ्याकडे पाठवला, तेव्हा मी आधी सौदा केला.

नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मालकांनी एक जुनं, दोन सीटचं विमान विकत घेतलं होतं आणि ते स्वतः चालवत. गावाबाहेरचं पडीत शेत सपाट करून त्यांनी धावपट्टी केली होती, पण तिथले खडे उडून पंख्याची कड खराब झाली. पंखा लाकडी, दोन पात्यांचा, फळीवर फळी चिकटवून घडवलेला. टोकांना पितळी पत्रा बसवलेला.

"मजुरी काय घेशील?" मालकांनी विचारलं.

"मजुरी नको. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत मागची सीट माझी."

मालक हसले, पण व्यापारी माणूस. त्यांनी अट घातली. "नागपूरहून इंजिनिअर तपासायला येईल. त्याच्या सहीशिवाय मला उडता येत नाही. त्यानं तुझ्या कामाला बोटही न लावता सही दिली, तर सीट तुझी."

मी हातावर हात मारला. मला आकाश बघायचं नव्हतं. गावानं एकदा मान वर करून मला बघावं, एवढंच हवं होतं.

लाकडाचं काम मी मिस्त्रींना दिलं. ते शेजारच्या गल्लीतले सुतार, बारा वर्षांची दोस्ती, दुपारचा चहा रोज एकत्र. त्यांनी जुनं वार्निश खरवडलं, खाल्लेल्या कडेत लाकडाचा तुकडा असा बसवला की सांधा बोटाला लागेना. टोकांचा पितळी पत्रा मी ठोकून सरळ केला. तेव्हा दिसलं की दोन्ही टोकांच्या पत्र्याला सुईएवढी तीन-तीन भोकं आहेत. माझ्या धंद्यात भोक म्हणजे गळती. मी कथलाचा डाग देऊन सहाही बुजवली आणि कानशीनं साफ केली.

मिस्त्री बघत होते. म्हणाले, "भाऊ, भोकं काऊन बुजवून राह्यला? कोनं तरी मुद्दाम पाडली असतील."

"तू लाकडाचं बघ. पितळ माह्यं आहे."

"दोन्हीकडं तीन-तीन आहेत. बराबर समोरासमोर. खड्यानं पडली असती तर अशी पडली असती का बे?"

मी हातातली हातोडी भिंतीवर फेकली. मिस्त्रींनी ती उचलून जागेवर ठेवली आणि विषय सोडला.

मग तोल साधायचा होता. दोन पोलादी पट्ट्या, धार वर करून, पाणसळ लावून एका पातळीत, समांतर बसवल्या. पंख्याच्या मधल्या भोकात शाफ्ट घालून तो त्या धारांवर ठेवला. जे पातं जड, ते खाली येणार. हलक्या पात्यावर वार्निशचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, परत ठेवायचा. वाऱ्याची झुळूकही चालत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो. चौथ्या दिवशी पंखा आडवा ठेवला तरी थांबला, उभा ठेवला तरी थांबला, तिरपा ठेवला तरी थांबला. मिस्त्री हळूच म्हणाले, "जमलं." मी त्यांना मिठी मारली.

इंजिनिअर आला त्या दिवशी धावपट्टीवर अर्धं गाव होतं. मी धुतलेला सदरा घातला होता. त्यानं पंखा आमच्याच पट्ट्यांवर ठेवून सगळ्या बाजूंनी फिरवला आणि मान डोलावली. सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात मालक त्याच्या कानाशी काही बोलले. त्यानं पेन ठेवलं, पात्याची टोकं डोळ्यांजवळ धरली.

"ही कोणी बुजवली?"

लाकूड ओल धरतं, पंखा फिरला की ती टोकाकडे येते आणि या भोकांतून बाहेर जाते, असं त्यानं समजावलं. भोकं बंद राहिली तर पत्र्याखाली लाकूड कुजतं आणि एक दिवस टोक हवेत सुटतं. मग बारीक ड्रिलनं त्यानं माझे सहाही डाग फोडले आणि तोल पुन्हा तपासला. "बाकी काम उत्तम," असंही म्हणाला. ते जास्त झोंबलं.

मालक माझ्याकडे वळले. "काल मिस्त्रींनी सांगितलं म्हणून कळलं. अट तुला माहीत आहे. आज सीट मिस्त्रींची."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टोपी खिशात कोंबली आणि चढले. विमान गावावरून दोनदा फिरलं. लोक मान वर करून बघत होते. मी जमिनीकडे बघत होतो.

चहाच्या वेळेला ते दुकानात आले, रोजच्यासारखे.

"भाऊ, वरून तुह्यं दुकान दिसलं. टिनावरचे टायरबी दिसले."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं ना. तू हातोडी फेकली."

"तुले लागली का?"

"नाही."

"मंग दुसऱ्यांदा सांगाचं. मालकाकडं काऊन गेला?"

"दुसऱ्यांदा सांगतलं असतं, तर तू भोकं खोलली असती?"

 मिस्त्रींनी चहा संपवला, कप विसळून उपडा ठेवला आणि गेले.

मालकांचा जीव वाचला असेल, हे मी मान्य करतो. पण बारा वर्षांत माझ्या हातोडीला न घाबरणारा माणूस त्या एकाच दिवशी घाबरला, हे मला पटत नाही. आणि सीटवर चढताना त्याला नाही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून मी छपराचा पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले टायर खाली काढले. वाऱ्यात पत्रा वाजायला लागला. वाजू दिला.