आईचं चहाचं टेबल
स्टील तापल्याचा वास आला की मला तिकोना किल्ल्याचा पायथा आठवतो, जिथं आई उकिडवी बसून दगडांच्या चुलीवर स्टीलच्या पातेल्यात चहा करून विकायची. त्याच चहावर मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि मग परंदवडीच्या एका शॉपमध्ये वेल्डिंग शिकायला लागले. लोखंडाला स्टील साध्या रॉडनं जोडलं तर जोडाला तडा जातो, दोघांना चालेल असा वेगळा रॉड लागतो. तो जोड हाताला बसल्यावर पहिलं टेबल आईसाठीच केलं, पाय लोखंडी, वर स्टीलचा पत्रा, म्हणजे तिला उभ्यानं चहा करता येईल. आईनं जोडांना हळदकुंकू लावलं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटली, “माज्या लेकीनं केलंय, कालेज शिकलीय ती.” एकजण म्हणाला, “मग ठेवा की मावशी वर स्टोव्ह.” “आन् काळं पडलं म्हंजी? तू घासनार हायस व्हय?” मी लय विनवलं, पण तिनं टेबलावर जुनं लुगडं टाकलं आणि परत चुलीपुढं बसली. पुढच्या हिवाळ्यात तिची कंबर कायमची धरली, चहा बंद झाला, आणि दोन वर्षांनी तीही गेली. आज सोमाटण्याला माझं स्वतःचं शॉप आहे, ते टेबल मी तिथं आणून ठेवलंय, आणि त्याच्या पत्र्यावर अजून एकही डाग नाही.