इडवलनी न शिकवलेलं लिखाण

आमच्या खाणवाल्यांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनचे सूर वेगळ्या पद्धतीनं लिहितात, ऑर्केस्ट्रावाल्यांसारखे नाही. आमच्यातच ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या ग्वेन्लियानला तर ऑर्केस्ट्रातच जायचं होतं. सतरा वर्षांची पोर. कार्डिफला ऑर्केस्ट्राच्या निवड-परीक्षेला जाण्याआधी ती आजोबांना, म्हणजे इडवलना, म्हणाली, "त्यांचं लिखाण शिकवा ना. बँडमध्ये तुम्हा एकट्यालाच येतं." इडवल मोठा ट्रॉम्बोन वाजवायचे, त्याचे कागद बँडमध्येही ऑर्केस्ट्रासारखेच लिहिलेले असतात.

"कशाला डोकं खातेस? बँडची पोर म्हटल्यावर आपलाच कागद देतील."

दिला नाही. समोरचा कागद तिला वाचताच येईना. दोन ओळी चुकत वाजवल्या आणि बाहेर आली.

घरी आल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

इडवल चहा ढवळत म्हणाले, "तू गेली असतीस, तर बँडमधल्या तुझ्या खुर्चीत कोण बसलं असतं गं?"

त्यानंतर ती बँडमध्ये आलीच नाही.

मार्चमध्ये इडवल गेले. बँडनं कबरीपाशी त्यांच्या आवडीचं भजन वाजवलं, रांगेत तिची जागा मोकळी ठेवून. ग्वेन्लियान आली होती. ट्रॉम्बोन घरीच ठेवून, कोटाच्या खिशात हात घालून, शेवटपर्यंत पलीकडच्या बाजूला उभी राहिली.